आचारसंहितेतलं बारसं

तात्या झांजुर्ण्यांची नजर झोळीवर पडली आणि माझ्या पोरीचं नशीब फळफळलं.

झोळी आमच्या सोप्यातल्या तुळईला बांधलेली होती आणि तिच्यात माझी तिसरी मुलगी झोपली होती. दोन महिन्यांची झाली तरी तिचं बारसं झालं नव्हतं. खाली सतरंजीवर माझे थोरले दीर रंगराव, म्हणजे अख्ख्या गावाचे आण्णा, डोकं धरून बसले होते. शेजारी तात्या. तात्या म्हणजे आण्णांचे निवडणुकीतले सल्लागार. वकिलीच्या परीक्षेला ते दोनदा बसले होते आणि दोन्ही वेळा बसूनच राहिले होते, पण कोर्टाच्या आवारात असे वावरायचे की पट्टेवाल्यानं उठून उभं राहावं. मी दाराआड कपात चहा ओतत होते. त्या घरात दाराआड उभ्या राहणाऱ्या बाईला सगळंच ऐकू यायचं.

दुखणं असं होतं. नगरपालिकेची निवडणूक लागली होती, आण्णा आमच्या वॉर्डातून कपबशी चिन्हावर उभे होते, आणि सरकारनं नेमका त्याच वर्षी खर्चाचा नवा कायदा आणला होता. उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा घातली होती. जेवणावळ दिसली की ताटं मोजून ती उमेदवाराच्या खर्चात धरणार, आणि मर्यादा ओलांडली तर निवडून आलेला माणूससुद्धा घरी बसणार, वर सहा वर्षं उभं राहायला बंदी. त्यासाठी भरारी पथकाची जीप कॅमेरा घेऊन गावात घिरट्या घालत होती. आण्णांचं म्हणणं, कायदा चांगलाच आहे, फक्त तो विरोधकांना लावावा.

विरोधक काही दूधखुळे नव्हते. त्या पंधरवड्यात आमच्या तांबवडीत शुभकार्यांना नुसता ऊत आला होता. आण्णांच्या विरोधातल्या बाबूराव शेवाळ्यांनी घरभरणी घातली. घराचा पाया अजून खणायचा होता, पण घरभरणी झाली, आणि मटणाच्या रश्श्याचा वास स्टँडपर्यंत आला. दुसऱ्या एका उमेदवारानं म्हशीचं डोहाळजेवण केलं. म्हैस गाभण नाही, असं गुरांचे डॉक्टर शपथेवर सांगत होते, पण तेही जेवून आले होते. आमच्याच घरी काही कार्य निघेना. लग्नाचं कुणी उरलं नव्हतं आणि मरायला कुणी तयार नव्हतं.

तेवढ्यात झोळीतून पोरीनं सूर काढला आणि तात्यांनी वर पाहिलं.

"आण्णा," तात्या म्हणाले, "कायदा जेवणाला बंदी घालतोय. बारशाला न्हाई."

आण्णांनी डोक्यावरचा हात काढला. दोन महिन्यांत त्यांनी त्या झोळीकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. चुलत्याच्या डोळ्यांत एवढी माया मी त्याआधी पाहिली नव्हती.

इथं आमच्या घरातली एक गोष्ट सांगायला हवी. माझ्या पहिल्या मुलीचं बारसं चार बायका बोलावून झालं. दुसरीच्या वेळी सासूबाई म्हणाल्या, पोरीच्या जातीला कसलं बारसं, आणि नाव माझ्या नवऱ्यानं दवाखान्यातच सांगून टाकलं. तिसरी झाली त्या दिवशी सासूबाईंनी दवाखान्याच्या पायरीवरच नाव ठरवलं, नकुशा. आमच्या भागातली ही जुनी रीत. मुलीवर मुली झाल्या की शेवटचीचं नाव नकुशा ठेवायचं, म्हणजे देवाला समजतं आणि तो पुढच्या वेळी मुलगा धाडतो. देवाला टोमणा कळतो आणि तो मनाला लावून घेतो, असा त्यामागचा समज. पोरीला कळतो की नाही, याचा विचार कुणी केलेला नव्हता.

मला ते नाव नको होतं. माझ्या पोरीला जन्मभर कुणी हाक मारणार आणि प्रत्येक हाकेत तिला सांगणार की तू नको होतीस, हे माझ्या घशाखाली उतरत नव्हतं. मी तिचं नाव मनात ठेवून दिलेलं होतं. माझ्या माहेरच्या शाळेत एक बाई होत्या, मृणालिनीबाई. लुनावरून यायच्या, पदर खोचून भूगोल शिकवायच्या, आणि त्या वर्गात आल्या की हेडमास्तरसुद्धा खुर्चीत सावरून बसायचे. एवढी ऐट असलेली दुसरी बाई मी आयुष्यात पाहिली नव्हती. पोरीला नाव द्यायचं तर तेच.

त्या रात्री हणमंताला, माझ्या नवऱ्याला, मी पुन्हा विचारलं. माणूस वाईट नव्हता, पण आण्णांच्या वीटभट्टीवर कामाला होता आणि घरातही वीटभट्टीवर असल्यासारखाच वागायचा. त्यानं आढ्याकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं आणि म्हणाला, आई आन् आण्णा ठरवतील तसं. एवढं बोलून तो कुशीवर वळला. मी दिवा मालवला आणि पोरीला जवळ घेऊन पडून राहिले. मला भयंकर राग आला होता, आणि त्याहून जास्त भीती वाटत होती की हे नाव आता हिला चिकटणारच.

बारशाची तयारी मात्र अशी झाली की राजघराण्यात झाली नसेल. शाळेमागच्या मैदानात मांडव पडला. आचारी साताऱ्याहून आले. तात्यांनी पत्रिका छापल्या आणि त्यात 'आमच्या घरी लक्ष्मीचे आगमन झाले आहे' असं लिहिलं. सासूबाईंना वाचता येत नव्हतं, म्हणून ते छापून झालं. आण्णांचं नाव पत्रिकेत कुठंच नव्हतं, फक्त वरच्या कोपऱ्यात शोभेसाठी एक कपबशी काढली होती. मटण घालावं असा कार्यकर्त्यांचा आग्रह होता, पण तात्या अडून बसले. बारशाला मटण दिसलं तर पथकवाले काय आंधळे आहेत का, म्हणाले. शिरा, मसालेभात, चपाती आणि आमटी ठरली. कार्यकर्ते तोंडं पाडून म्हणत होते, ह्याला बारसं म्हणायचं का सुतक.

नावाचं तात्यांनी फक्त एकदा विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "नकुशा. ते ठरल्यालं हाय." तात्या जरा चपापले, कारण लक्ष्मीचं आगमन छापून बसले होते. पण मग म्हणाले, आत्या कानातच सांगणार ना, मग बाहेर कुणाला ऐकू येतंय. माझी नणंद वच्छला त्यासाठी सासरहून आलीच होती. तिच्याकडून सासूबाईंनी नाव दोनदा घोकून घेतलं होतं. अवघड नावच नव्हतं ते.

कार्याचा दिवस उजाडला. सकाळपासून मांडवात भोंगे वाजत होते. गाव लोटलं. पंगतीवर पंगती उठू लागल्या. आण्णा पांढरे शुभ्र कपडे घालून पंगतीतून हात जोडत फिरत होते आणि प्रत्येकाला 'पोटभर जेवा, लक्ष असू द्या' म्हणत होते. बारशाला आलेल्या माणसाला लक्ष कशावर असू द्या म्हणतात, हे कुणी विचारलं नाही. गाव हुशार होतं, जेवत होतं.

आणि या सगळ्या धांदलीत त्या शहाण्या माणसांकडून एकच गोष्ट राहून गेली. बाळ आणायचं ते विसरले. मी घरी सोप्यात झोळीला झोका देत बसले होते, दोन्ही मुली माझ्याजवळ होत्या, आणि आमच्यापर्यंत जेवणाचं ताटसुद्धा आलं नव्हतं. सासूबाई आणि वच्छलाही आचाऱ्यांच्या मागे उभ्या राहून शिरा कमी पडतो की काय बघत होत्या.

दुपारी जीप आली. हे मी नंतर चार तोंडांतून ऐकलं, पण चारही तोंडं एकच सांगत होती. पथकाचे प्रमुख होते धायगुडे नावाचे साहेब. एरवी ते शेती खात्यात होते आणि गांडूळखताच्या खड्ड्यांची पाहणी करायचे. बरोबर एक हवालदार आणि कॅमेरा घेतलेला माणूस. साहेबांनी मांडव पाहिला, पंगती पाहिल्या आणि कुणाचं कार्य म्हणून विचारलं. तात्यांनी पत्रिका पुढं केली.

"बारसं झालं का?" साहेबांनी विचारलं.

"सकाळीच झालं की."

"नाव काय ठेवलं?"

तात्या म्हणाले, लक्ष्मी. त्याच क्षणी आण्णा म्हणाले, सरस्वती. कॅमेरा चालू होता. तात्यांनी लगेच सांगितलं की आमच्यात दोन नावं ठेवतात, एक घरातलं आणि एक बाहेरचं. साहेबांनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि म्हणाले, बाळ आणि बाळाची आई कुठं आहे, त्यांना बोलवा.

मग चार कार्यकर्ते गाडीवरून आमच्या घरी आले आणि मला जवळजवळ उचलूनच घेऊन गेले. मी पदर घेतला, पोरीला काखेत घेतलं आणि मांडवात शिरले. एवढं गाव एकदम माझ्याकडे बघायची ती पहिलीच वेळ. पंगतीतले हात थांबले होते. आण्णांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. सासूबाईंनी जाता जाता माझा दंड धरला आणि दातांतल्या दातांत म्हणाल्या, "झालंय म्हन."

धायगुडे साहेब माणूस म्हणून सरळ होते. त्यांनी कॅमेरेवाल्याला दोन पावलं मागं सारलं आणि हळू आवाजात मला म्हणाले, "ताई, खरं काय ते सांगा. कुणाला घाबरू नका. हे बारसं नाही असं तुम्ही म्हणालात, तर पुढचं मी बघतो."

तेव्हा मला पहिल्यांदा समजलं की माझ्या हातात काय आहे. मी नाही म्हटलं असतं तर आण्णांची निवडणूक तिथंच संपली असती. कायद्याचं राज्य आलं असतं, साहेबांना शाबासकी मिळाली असती, आणि माझी पोर नकुशा होऊन त्याच घरात वाढली असती. वर ज्या पोरीपायी आण्णा बुडाले ती पोर, म्हणून. माझं मन एका घडीत ठरलं. आजही कुणी विचारलं तर मी तेच करेन. कायद्याला सांभाळायला जीप होती, हवालदार होता, कॅमेरा होता. माझ्या पोरीला मी एकटी होते.

"बारसंच हाय साहेब," मी म्हणाले. "नाव ठेवायचं तेवढं राहिलंय."

तात्यांनी असा श्वास सोडला की मांडवाची झालर हलली असावी. साहेबांनी खुर्ची मागवली आणि म्हणाले, ठेवा मग नाव, आम्ही थांबतो.

आता पाळणा हवा. पाळणा कुणीच आणला नव्हता. शेवटी आचाऱ्यांची चपात्यांची मोठी बुट्टी रिकामी केली, तिच्यात कुणाचं तरी नवं लुगडं घातलं आणि पोरीला त्यात ठेवलं. चपात्यांच्या उबेनं ती चांगली गाढ झोपली. दोन बायकांनी बुट्टी दोन बाजूंनी धरली, बाकीच्या भोवती जमल्या, कुणीतरी पाळणा म्हणायला सुरुवात केली. वच्छला पुढं आली, पदर सावरून वाकली आणि तिनं तोंड पोरीच्या कानाजवळ नेलं.

मी पोरीच्या कानावर हात ठेवला.

"वन्सं, कानात नको. माईकवर सांगा."

वच्छलानं आईकडे पाहिलं. सासूबाई म्हणाल्या, "माईकवर कुटं नाव ठिवत्यात व्हय? लाज हाय का न्हाई?"

"एवढं गाव जेवलंय," मी म्हणाले, आणि मुद्दाम साहेबांना ऐकू जाईल असं म्हणाले. "कुनाच्या बारशाला जेवलं ते गावाला कळायला नको? आन् साहेबांच्या कॅमेऱ्यात बी आलं पायजे. न्हाईतर उद्या सगळा खर्च भावजींच्या नावावर पडंल."

हा शेवटचा शब्द आण्णांना बरोबर लागला. ते गर्दीतून माझ्याजवळ आले. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण ते माझ्याशी थेट बोलायची ती पहिलीच वेळ. एरवी निरोप हणमंताकडून यायचे.

"काय नाव घ्यायचं?" त्यांनी खाली बघत विचारलं.

"मृणालिनी."

"आईनं तर दुसरंच ठरवलंय."

"ते माईकवर घेता का मग? बाया बी हायत्या मांडवात, त्यास्नी बी मतं हायती."

आण्णांनी मांडवातल्या बायकांकडे पाहिलं. अर्धा मांडव बायकांचाच होता, आणि त्यांतल्या एक-दोघींचं स्वतःचं नाव नकुशा होतं. आण्णांनी आईकडे पाहिलं. मग साहेबांच्या कॅमेऱ्याकडे पाहिलं. "आन् मी घेतलं न्हाई तर?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

"तर मला साहेबांशी परत बोलावं लागंल."

आण्णा माईककडे गेले. भाषणाची त्यांना सवय होती, पण हे नाव त्यांच्या जिभेला नवं होतं. पहिल्यांदा म्हणाले 'मिरलानी', दुसऱ्यांदा 'मुरनाली'. मी बुट्टीपाशी उभी राहून तोडून तोडून सांगत होते आणि नगरपालिकेचा भावी सभासद माझ्यामागून म्हणत होता. शाळेत मृणालिनीबाई नद्यांची नावं अशीच म्हणून घ्यायच्या. तिसऱ्या वेळेला नाव भोंग्यातून नीट बाहेर पडलं आणि मैदानाच्या पलीकडच्या भिंतीवर आपटून परत आलं. कार्यकर्त्यांनी सवयीनं 'आगे बढो'च्या घोषणा दिल्या. पोरगी दचकून जागी झाली आणि रडायला लागली. माझ्याही डोळ्यांतून पाणी आलं, ते मी लपवलं नाही.

तात्यांचं डोकं अशा वेळी फार चालायचं. पथक जाईपर्यंत प्रत्येक पंगतीच्या आधी बाळाचं नाव भोंग्यावरून जाहीर करायचं, असं त्यांनी फर्मान काढलं, म्हणजे कार्यात काही खोट राहायला नको. पंगत बसायची, नाव पुकारलं जायचं, मग आमटी यायची. गाव नाव ऐकून जेवलं. धायगुडे साहेब जायला निघाले तेव्हा बुट्टीपाशी आले. पोरीकडे बघून म्हणाले, "नाव छान आहे, ताई. बाकी मला कळतंय सगळं. पण बारसं आहे की नाही, एवढंच मला लिहायचंय." शिऱ्याला त्यांनी हात लावला नाही.

आण्णा पडले, आणि थोडेथोडके नाही, सपाटून पडले. शेवाळ्यांच्या घरभरणीतलं मटण आमच्या शिऱ्याला भारी पडलं. शेवाळे नगरसेवक झाले, त्यांच्या घराचा पाया पुढं चार वर्षं खणला गेला नाही, आणि कायद्याच्या लेखी आमच्या वॉर्डात कुणीच कुणाला जेवू घातलं नव्हतं. आण्णांनी दोन दिवस दार लावून घेतलं. तिसऱ्या दिवशी बाहेर आले ते म्हणाले, गाव बेइमान आहे, खाल्ल्या मिठाला जागलं नाही.

सासूबाईंनी खापर माझ्या माथी फोडलं. त्या नावापायीच लेक हरला, आणि आता ते नाव या घरात चालायचं नाही. त्या दिवसापासून त्यांनी पोरीला नकुशा म्हणायला सुरुवात केली, अगदी ठासून. आण्णांनी मान डोलावली. हणमंत आढ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, म्हणा. मी मृणालिनीच म्हणत होते. एका घरात दोन नावं, तात्या म्हणाले होते तसंच झालं. माझी चांगलीच घालमेल व्हायची. पोर रांगायला लागली, चालायला लागली, आणि कोणत्या नावाला ओ देईल याची मला धास्ती वाटायची.

गाव आण्णांच्या मिठाला जागलं नाही हे खरं. पण पोरीच्या मिठाला जागलं. सासूबाई उंबऱ्यात उभ्या राहून 'नकुशे' म्हणून हाक मारायच्या आणि गल्लीतून कुणीतरी सायकल थांबवून विचारायचा, "म्हातारे, कोन गं नकुशा? आमी तर मिरनालिनीच्या बारशाला जेवलोय." दळण न्यायला गेल्या तर गिरणीवाला विचारायचा, मृणालिनी कशी आहे. ज्यांनी मत शेवाळ्यांना दिलं तेच हे नाव सगळ्यात मोठ्यानं घ्यायचे. खाऊन मत दिलं नाही, तर निदान नाव तरी घेऊ, असं काहीसं असावं. बरं, नाव अवघड, म्हणून प्रत्येक जण ते दुरुस्त करून करून म्हणायचा. सोपं नाव ठेवलं असतं तर गाव कधीच विसरलं असतं.

पोर तीन वर्षांची असताना सासूबाई तिला घेऊन आठवडी बाजारात गेल्या. मी नको म्हणत होते. बाजारात बांगड्यांच्या पालापाशी त्यांनी पोरीचा हात सोडला आणि भाव करायला लागल्या. वळून बघतात तर पोर नाही. मला हे बांगडीवाल्या शमाबीनं सांगितलं. म्हातारी आधी 'नकुशे, नकुशे' करत इकडून तिकडे धावली. बाजारात कुणी वळूनही बघितलं नाही. एकानं विचारलं, कोण नकुशा? तिनं सांगितलं, माझी नात. तो म्हणाला, तुझी नात तर मृणालिनी. म्हातारीनं आणखी दोन हाका मारल्या. ती कांद्याच्या ढिगापाशी मटकन बसली, पदर तोंडाशी धरला आणि मग अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल अशी किंचाळली, "मिरनालिनी."

तिच्यामागून कांदेवाला ओरडला, मग भजीवाला, मग चपलांवाला. सगळा बाजार एकच नाव घेत होता. गुळाच्या दुकानाच्या पायरीवरून, हातात गुळाचा खडा घेऊन, माझी पोर म्हणाली, "ओ."

संध्याकाळी सासूबाई पोरीला कडेवर घेऊन घरी आल्या. तीन वर्षांची जड पोर, पण खाली सोडायला तयार नव्हत्या. चेहरा उतरला होता, लुगड्याला कांद्याची सालं चिकटली होती. मी पाण्याचा तांब्या पुढं केला. घटाघटा पाणी पिऊन त्यांनी पोरीच्या तोंडावरचा गूळ पदरानं पुसला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "एवढं लांबडं नाव कशाला ठिवलंस गं? हाका मारून मारून जीव गेला माझा."